रविवारी सांगतो

अहो,

नाव घेऊन हाक मारायची मला सवय नाही, आणि आता ती लावून घेण्यात अर्थ नाही. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं तुमचं नाव, तेही दार अडवलं म्हणून. तेव्हा नेहमीसारखंच, अहो. तुम्ही म्हणायचात, गेलेल्याशी बोलू नये, त्याला ऐकू येत नाही. आणि गेलेल्यासाठी काही मागूही नये, कारण त्याचा निकाल लागून गेलेला असतो. सापगावच्या आपल्या ओटीवर बसून हे तुम्ही इतक्या जणांना सांगितलंत की मला पाठ झालं आहे. तरी मी बोलणार. आजवर तुमचं सगळं ऐकून कुठे वागले की आता वागू!

तुम्हाला जाऊन महिनाही व्हायचा आहे. भिंतीला तुमचा फोटो लावलेला नाही, हार नाही, दिवा नाही. तुम्हाला आवडलं नसतं म्हणून. कारखान्यात घालायचे बूट मात्र ओटीखाली होते तिथेच आहेत. सुमन म्हणाली, आई, आता काढून ठेवूया. मी म्हटलं, असू दे गो, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटू दे घरात बाप्या माणूस आहे. पोरगी तोंड फिरवून आत गेली. तिच्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलंय, आणि ती माझ्यासमोर रडायचं नाही असं ठरवून बसलीय, त्यामुळे घरात सध्या फार शांतता असते.

लग्न झालं तेव्हा तुम्ही शनिवार धरणारे, मारुतीला तेल घालणारे होतात. मग आटगावच्या कारखान्यात फिटर म्हणून लागलात, तिथे जेवणाच्या सुट्टीत शास्त्र वाचणारा कोणी साहेब भेटला, आणि दोन पावसाळ्यांनी कल्याणला जाऊन डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी घेऊन आलात. मला आधी सांगून गेला होतात. मी म्हटलं होतं, दारू प्यायला लागलात असं ऐकण्यापेक्षा हे बरं. मला वाटलं, उतरेल. तुम्हाला कॅरमचंही असंच वेड लागलं होतं, ते वर्षभरात उतरलं. हे काही उतरलं नाही.

पुढे आपल्याच ओटीवर रविवारी दुपारी सतरंजी पडायला लागली. कारखान्यातले दोघं-तिघं, वाडीवरच्या मथुराबाई, कधी कोणी नवीन. तुम्ही वाचायचात, प्रार्थना व्हायची, आणि मग तुमचा तो नियम: सतरंजी गुंडाळायच्या आधी ज्याला जे विचारायचं ते त्याने विचारायचं. ख्रिस्ती असो नसो. रस्त्याने जाणारी माणसंसुद्धा ओटीला टेकून विचारायची, काही खरंच विचारायची, काही मजा बघायला. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत ऐकायची.

"मूर्ती नाय तर हात जोडायचं कुनाकडं तोंड करून?" "गणपतीचा प्रसाद खाल्ला तर तुमाला चालतो का?" "तुमच्यात आलं की बायकांना कुंकू पुसावं लागतं, खरं हाय का?" या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही सरळ माझ्याकडे बोट केलं होतंत. "माझ्याच घरात बघा ना. मी काय पुसायला सांगितलं का हिला?" सगळ्या माना आत वळल्या. मी पदर ओढला आणि मनात तुम्हाला चार शिव्या दिल्या. मथुराबाईंचा बाप्तिस्मा व्हायच्या आधी एकदा त्यांनी विचारलं, "आमी तर जाळतो मानसाला. जळून राख झाली, मग तुमचा देव उठवनार काय?" तुम्ही हसलात. "मातीतून उठवायला जमतं त्याला, मग राखेतून काय जड जाणार?" तेव्हा मला ते उत्तर फक्त हुशारीचं वाटलं होतं. ते मलाच पुढे कामाला येणार आहे हे माहीत नव्हतं.

आणि उत्तर आलं नाही की तुम्ही ओढूनताणून द्यायचा नाहीत. डोकं खाजवायचात आणि म्हणायचात, "रविवारी सांगतो." आठवडाभर पुस्तकं चाळायचात, कल्याणच्या पाळकांना फोन लावायचात, आणि पुढच्या रविवारी, विचारणारा विसरलेला असला तरी, त्याला शोधून सांगायचात. एकाला तुम्ही बाजारात भाजीच्या गाड्यावर गाठून सांगितलं होतंत की सैतान कोणी केला. तो बिचारा मेथी घ्यायला आला होता.

माझे प्रश्न मात्र सतरंजीवरचे नव्हते. ते तव्यावरचे.

तुमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळक यायचे आणि प्रभुभोजन व्हायचं. पहिल्यांदा त्यांनी कल्याणहून पाव आणला होता, पावसाळ्याचे दिवस, पिशवीतून काढला तर हिरवी बुरशी. पाळक ओशाळले. तुम्ही आत आलात, माझ्या टोपलीतली एक तांदळाची भाकर उचललीत आणि घेऊन गेलात. विचारलं पण नाहीत. तेव्हापासून पहिल्या रविवारची भाकर माझ्याकडे लागली. मी उकड काढून, चांगली मळून, पातळ थापायची, आणि त्याआधी अंघोळ करायची. तुम्ही चिडवायचात, "अंघोळीनं भाकर पवित्र होत नाय गो." मी म्हणायची, "तुमाला काय कळतंय, भाकर कोन करतंय?" माझी ओली वेणी बघून तुम्ही हसत ओटीवर जायचात.

ती भाकर पाळक मोडायचे, आणि ताट फिरवायचात तुम्ही. पाळकांनी तुम्हाला मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी, नेमलं होतं, तेव्हा ते काम तुमचं. सतरंजीवर सगळे गोल बसलेले, मी उंबऱ्याशी. ताट मथुराबाईंपुढे थांबायचं, मग माझ्यासमोरून जायचं आणि पुढच्या माणसापुढे थांबायचं. ज्याने बाप्तिस्मा घेतलाय आणि उभं राहून विश्वास कबूल केलाय त्यालाच ते. ते सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असून दर वेळी मी मनात मोजायची. पीठ माझं, उकड माझी, चटका बसलेलं बोट माझं, आणि ताट माझ्या नाकासमोरून जातंय. तुम्ही ते नेताना माझ्याकडे बघायचा नाहीत. बघितलं असतंत तर तुम्हालाही नेता आलं नसतं, हे आता कळतं.

मी एकदा विचारलं होतं, "आमच्याकडं देवळाच्या दारात भिकारी आला तरी प्रसाद देतात. तुमचा देव एवढा कसा हातचं राखून देतो?" तुम्ही म्हणालात, "तो प्रसाद नाय. जो हात पुढे करतो तो म्हणतो, हा मेला तो माझ्यासाठी. तुला तसं वाटतंय का?" मी खरं सांगितलं. नाही वाटत. "मग मी तुला कशी देऊ? तुझ्याच तोंडून खोटं बोलायला लावू?" मी म्हटलं, "आणि दिली, खाल्ली, तर काय होईल? भाकरीचं दुसरं काय होतं?" तुम्ही म्हणालात, "भाकर भाकरच राहते. भूक असंल तर त्यातून तो पोसतो. भूक नसंल तर नुसती भाकर." तोवर आमटी करपली.

त्यानंतर तुमच्या आईंचं झालं. धसईच्या पलीकडच्या गावाहून त्या दोन एसट्या बदलून आल्या होत्या, नेमक्या पहिल्या रविवारी. तुमच्या या सगळ्याला त्या कधी काही बोलल्या नाहीत. पोरगा सुधारला, देव कोणता का असेना, इतकंच त्यांचं. ओटीवर माझ्याशेजारी बसल्या. ताट फिरायला लागलं तेव्हा त्यांनी पदर डोक्यावर सारखा केला आणि उजव्या हाताखाली डावा धरून ओंजळ पुढे केली, जशी जन्मभर प्रत्येक देवापुढे केली होती तशी. तुम्ही त्यांच्यापुढे आलात आणि थांबलात. मला वाटलं, द्याल. कोणीही दिली असती. पाळकसुद्धा खाली बघत होते. तुम्ही वाकलात, ताट एका हातात धरलंत, दुसऱ्या हाताने आईंची ओंजळ हळूच मिटलीत आणि म्हणालात, "आई, तुला मागनं जेवायला वाढतो." आणि पुढे गेलात.

आईंना कळलंच नाही काय झालं. त्यांनी मला विचारलं, "माझा काय इटाळ हाय का गो?" त्या वयात! मी काय सांगणार. संध्याकाळी तुम्ही त्यांना बाजूला घेऊन समजावलंत. त्यांनी मान डोलावली. गावाला गेल्यावर त्यांनी अख्ख्या आळीला सांगितलं की पोराने आईच्या हाताला प्रसाद दिला नाही. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत, ताटातला भात तसाच ठेवून उठलात. मला राग आला होता आणि तुमची दयाही आली होती, आणि दोन्ही एकदम कसं येतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

सुमनचं पाणी हा आपला सगळ्यात लांबलेला वाद. ती रांगायला लागली नव्हती. तुम्ही म्हणालात, बाप्तिस्मा द्यायचा. मी म्हटलं, पोरीला ना देव कळत ना दूध सोडून दुसरं काही, तिला कशाला? तुम्ही म्हणालात, "कळायच्या आधीच तो आपलं म्हणतो, हीच तर गंमत हाय. विश्वासणाऱ्याचं मूल त्याच्या घरातलंच." मी तेव्हा तुम्हाला असं धरलं होतं ना! "म्हणजे तिला न विचारता आत, आनि मला विचारून विचारून भायेर?" तुम्ही डोकं खाजवलंत. मग, "रविवारी सांगतो." त्या रविवारी तुम्ही बरंच सांगितलंत, करार, वचन, पूर्वजांपासूनचं. चांगलं सांगितलंत. मी म्हटलं, द्या पाणी. पण त्या दिवसापासून घरातली दोन माणसं आत आणि एक उंबऱ्यावर, हे पक्कं झालं.

तुम्ही मला कधी ओढलं नाहीत, हे मात्र म्हणायला हवं. पाळकच एकदा म्हणाले होते, "बाईंनी बाप्तिस्मा घेऊन टाकला तर बरं दिसेल, लोक बोलतात." मी आत चहा गाळत होते. तुम्ही म्हणालात, "खोटं बोलून आत येण्यापेक्षा खरं बोलून भायेर बसलीय, ते बरं." चहा गाळता गाळता माझा हात थांबला. माहेरी, सासरी, माझ्या खरेपणाची कोणी कधी किंमत केली नव्हती. माझ्या तोंडाळपणाची चर्चा व्हायची फक्त. त्या एका वाक्यासाठी मी तुमची जन्मभर भाकर थापली असती, आणि थापलीच.

पण अहो, त्या खरेपणाने माझं काय झालं ते बघा. तुमच्या शिकवणीप्रमाणे विश्वास हा आपण धरायचा नसतो, तो द्यावा लागतो, आणि देणारा कोणाला द्यायचा ते जग व्हायच्या आधीच ठरवून बसलाय. मी विचारायची, "चांगल्या माणसांना निवडतो का?" तुम्ही म्हणायचात, "चांगल्यांनाच निवडायचं असतं तर मला कशाला निवडलं असतं?" मी म्हणायची, "ठरलंच हाय तर मग तुमी माझ्यासाठी रोज मागता कशाला?" "भात पिकवनारा तो, तरी रोपांची आवनी आपनच करतो ना?" "आनि पेरलंच नसंल त्यानं माझ्यात?" यावर तुम्ही कधीच हसला नाहीत.

तुम्ही सतरंजीवर लोकांना सांगायचात, ज्याला आपण निवडलेले आहोत की नाही याची काळजी लागते, त्याने घाबरू नये. ती काळजी म्हणजेच भूक, आणि मेलेल्याला भूक लागत नाही. लोकांना बरं वाटायचं. मथुराबाई तर डोळे पुसायच्या. मी उंबऱ्यावर बसून विचार करायची, मला लागलीय का भूक? खूप प्रामाणिकपणे बघितलं मी आत. तिथे काळजी होती, पण ती देवाची नव्हती. तुम्ही मरून जिथे जाणार तिथे मला यायचं होतं. तिथे देव असला काय नसला काय, मला चाललं असतं. मला देव नको होता हो, मला तुम्ही हवे होता. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही खूश होण्याऐवजी दुखावला असतात, तुमच्या बाबतीतली अडचण ही अशी होती.

छातीत कळ आली आणि तुम्हाला दवाखान्यात ठेवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले, हालचाल नको, बोलणं नको. तुम्ही आणि बोलणं नको! शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला तुम्ही मास्क बाजूला करून विचारत होतात, काका, भीती वाटते का. त्याला वाटत नव्हती. तुम्हालाही वाटत नव्हती. तिघांत घाबरलेली मी एकटी.

शुक्रवारी दुपारी सुमन पेज आणायला खाली गेली तेव्हा मी विचारलं. बाकीचं काही विचारायला सुचलं नाही, बँकेचं नाही, घराचं नाही. मी म्हटलं, "आपली परत गाठ पडंल का?" तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला 'हो' म्हणता आलं असतं. मरणाच्या दारातला कुठलाही नवरा 'हो' म्हणाला असता, आणि मी ते पदरात बांधून उरलेली वर्षं काढली असती. तुमचा हात माझ्या मनगटावर होता. ओठ हलले, मास्कवर वाफ धरली. मी कान जवळ नेला. तुम्ही म्हणालात, "रविवारी सांगतो."

शनिवारी तुम्ही गेलात.

तुम्ही पुरायला सांगितलं होतंत. इथे शहापुरात तुमच्या धर्माच्या माणसांना पुरायला जागा नाही. लांबच्या एका दफनभूमीत मिळते का म्हणून पाळक फोनवर फोन लावत होते, तिथले कागद मागत होते, मंडळी कुठली, नोंद कुठली. ओटीवरच्या सतरंजीची कसली नोंद? तोवर भाऊजी टेम्पो घेऊन आले. तुमच्या धाकट्या भावाचं काय चुकलं? ते म्हणाले, "वयनी, दादाला असं ठेवून किती टाइम बसायचं? आपल्या मानसाला आपन न्हेतो." पाळकांनी फोन खिशात टाकला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला तुमचंच उत्तर आठवलं, राखेतून काय जड. मी म्हटलं, न्या. तुमच्या मंडळीने टेम्पोच्या मागे उभं राहून एक गाणं म्हटलं, हळू आवाजात, ड्रायव्हरने इंजिन चालू केल्यावर ते ऐकू येईनासं झालं.

दहावा गावच्या नदीवर झाला. मुलगा नाही म्हणून भाऊजींनी सगळं केलं. केळीच्या पानावर भाताचा पिंड ठेवला आणि सगळे मागे सरून उभे राहिले. पलीकडच्या ऐनाच्या झाडावर कावळे होते, चांगले सात-आठ. एकही खाली येईना. अहो, तुमच्यासाठी आलेल्या त्या माणसांची मला कणव आली. सगळे डोळे झाडाकडे. भाऊजी हात जोडून म्हणाले, "दादा, सुमनचं लगीन मी लावून देनार, काळजी सोड." कावळा येईना. "वयनीला घास कमी पडू देनार नाय." येईना. कोणी म्हणालं, "त्याचा तो धरम, म्हणून अडकलाय." मग तुमच्या आई पुढे झाल्या. त्यांना दोघींनी धरलं होतं. त्यांनी त्या दिवशीसारखीच ओंजळ पुढे केली, नदीकडे तोंड करून, आणि म्हणाल्या, "बाळा, तू मला परसाद दिला नायस ना, त्येचं मनात धरू नको. मी कंदीच इसरले रे. जेव तू."

मला वाटलं आता तरी येईल. मला वाटलं, यावा. आणि त्याच वेळी वाटलं, येऊ नये. आला तर तुमचं सगळं आयुष्यच खोटं. नाही आला तर आईंची ती ओंजळ दुसऱ्यांदा रिकामी. तिथे उभी राहून मी कशासाठी हात जोडले होते ते मला सांगता येणार नाही.

मग भाऊजी माझ्याकडे वळले. "वयनी, तुला ठाव आसंल. दादाची काय इच्छा ऱ्हायली? बोल ना गो. तू बोललीस का येनार तो." सगळ्या बायका म्हणायला लागल्या, "बोल, बोल."

मला ठाऊक होती. तुमची एकच इच्छा राहिली होती आणि ती मी होते. एवढंच म्हणायचं होतं: अहो, मी मानेन तुमच्या देवाला, घेईन पाणी, बसेन सतरंजीवर. गावच्या माणसांत कोणी डोळे वटारले असते, वटारू देत. शब्द अगदी ओठावर आले होते. पण ते मी तुमच्या देवाला म्हणत नव्हते, झाडावरच्या कावळ्याला म्हणत होते, आणि तेही खोटं. खोटं बोलून आत येण्यापेक्षा खरं बोलून बाहेर बसलीय, असं तुम्ही जिच्याबद्दल म्हणाला होतात, ती मी. तुमच्या पिंडासमोर तेवढंच एक माझ्याकडे उरलं होतं. मी मान हलवली. म्हटलं, "मला नाय म्हाईत."

भटजींनी आणखी थोडं थांबून घड्याळ बघितलं, दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि लोक आंघोळीला गेले. परतताना आई माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांना वाटलं, मला माहीत होतं आणि मी मुद्दाम बोलले नाही. ते खरंच आहे.

काल महिन्यातला पहिला रविवार होता. मी उठले, अंघोळ केली, उकड काढली. हाताला सवय झालीय, डोक्याला विचारत नाहीत ते. भाकर चांगली झाली, टम्म फुगली, कडेला जराही चिरली नाही. ती पुसून ताटात ठेवली तोवर मथुराबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, मंडळी आता आसनगावला एकाच्या घरी बसणार आहे, पाळकांनी तसं ठरवलं. इथे वडील नाहीत, आणि घरातलं माणूस मंडळीतलं नाही, बरं दिसत नाही. बिचारीला सांगताना जड जात होतं. सुमनला न्यायला आल्या होत्या. "तुमी पन चला ना."

"येऊन काय करू मथुराबाई? ताट जाताना बघू?"

मग मी ताटाकडे बघून म्हटलं, निदान ही तरी घेऊन जा. त्या घुटमळल्या. म्हणाल्या, "तिथं पाव आननार हायत."

सुमन कपडे बदलून निघाली. जाताना म्हणाली, "आई, बाबा देवाजवळ आहेत. तू कशाला एवढं." तिला काहीच शंका नाही. तुमचीच पोरगी. बापाला भेटायचा तिचा रस्ता अगदी सरळ आहे, आणि मी तिला तो बदल म्हणणार नाही. दोघी वळणावरून दिसेनाशा झाल्या.

घरात मी आणि ती भाकर. आता अडवायला कोणी नव्हतं. एवढी वर्षं समोरून गेलेलं ताट माझ्याच मांडीवर होतं. मी एक तुकडा मोडला. तोंडापर्यंत नेला. आणि भीती वाटली हो. तुम्ही म्हणाला होतात, भूक नसेल तर नुसती भाकर. खाल्ली असती आणि नुसती भाकरच लागली असती, तर शुक्रवारी विचारलेल्याचं उत्तर मला तिथेच मिळालं असतं, तुमच्याशिवाय, रिकाम्या ओटीवर बसून. मी तुकडा परत ठेवला.

मागच्या दारी तवा घासायला गेले तेव्हा ताट बरोबर नेलं होतं. का नेलं कोण जाणे. धुण्याच्या दगडावर ठेवलं आणि राख आणायला वळले. फडफड झाली. कावळा. एकटाच. दगडावर बसून त्याने मान वाकडी केली, माझ्याकडे बघितलं, आणि मी मोडलेला तो तुकडा चोचीत धरून उडाला. मी हातात राख घेऊन तशीच उभी. तो परत आला. परत एक तोडून नेला. मग दुसरे आले.

मी त्यांना हाकललं नाही. ओरडावंसं वाटलं, आईंना हाक मारावीशी वाटली, बघा हो आई, आला. आणि त्याच वेळी मला पक्कं माहीत होतं की तुम्ही पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला असतात, "काय नाय गो, कावळा तो. भूक लागली, खाल्लं त्यानं." मी म्हटलं असतं, मग नदीवरच्या कावळ्यांना भूक नव्हती का? तुम्ही म्हणाला असतात काहीतरी. मी काहीतरी. जेवण होईपर्यंत चाललं असतं.

मग मी दुपारभर ओटीवर येऊन बसून राहिले. ताट रिकामं झालं होतं. रस्त्यावरून माणसं जात होती, बाजारची, लग्नाची. ऊन ओटीवर आलं, ओटीवरून उतरून गेलं. सुमन परत आली, तिला भूक लागली होती, तिला भात वाढला. रविवार संपला. तुम्ही काही सांगितलं नाहीत.

गाठ पडेल की नाही, ते राहू दे आता. ते तुम्हाला तेव्हाच माहीत नव्हतं, हे मी त्याच दिवशी ओळखलं होतं. एवढं तरी म्हणा ना, की कावळा तो कावळाच. एकदाच म्हणा, अहो. मी उलटून बोलणार नाही.